शूळ पोटाचा, शूळ मनाचा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, जयंतीच्या सप्ताहात आपण सारे श्रीगुरुचरित्र वाचतो. तेराव्या अध्यायात पोटशूळाने गांजलेला एक ब्राह्मण येतो. अन्न पोटात गेले की कळा सुटत. शेवटी पोटाला धोंडा बांधून तो गोदावरीत जीव द्यायला निघाला. श्रीगुरूंनी शिष्यांना धाडून त्याला बोलावून घेतले. आत्महत्या हा महादोष, हे त्यांनी बजावलेच. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. कशासाठी जीव देतोस, हे विचारले. त्याचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, भिऊ नकोस, यावर औषध आहे.

हा अध्याय मी किती वेळा वाचला, प्रवचनात सांगितला! पण श्रीगुरूंचं ते विचारणं माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. त्याची किंमत काय पडली, ते आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गुरुवारच्या आरतीला येणाऱ्या एक वहिनी मला म्हणाल्या, "बुवा, पहाटे तीनला जाग येते. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं. नातवंडं आली तरी आनंद होत नाही." मी पुढे एका शब्दानं विचारलं नाही. "श्रद्धा कमी पडतेय, वहिनी. एक सप्ताह करा," असं सांगून मोकळा झालो. त्यांनी सप्ताह केला. दुसराही केला. मग मंदिरात येणंच बंद झालं.

पुढे माझी पत्नी गेली आणि वर्षभरात तोच धोंडा माझ्या छातीवर आला. हातात माळ फिरे, नाम उमटेना. अन्नाची चव गेली. लोकांना मन:शांती सांगायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं, असे दिवस. कुणाला सांगणार? बुवाचीच ही गत, म्हणून लोक हसतील. शेवटी सुनेनं विचारलं, "बाबा, काय होतंय ते मला तरी सांगा." तेवढ्यानं मला रडू कोसळलं.

आमच्या डॉक्टरांनी आधी थायरॉईड आणि बी-१२ तपासलं, कारण त्यांच्या बिघाडानंही मन खचतं. मग मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. ते म्हणाले, हे नैराश्य आहे, हा आजार आहे. तुमच्या भक्तीत काही उणं नाही. गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं तरी ती आपल्या मनानं बंद करायची नाही. रक्तदाबाची गोळी मी उघड्यावर ठेवत असे. ही मात्र पोथ्यांच्या मागे लपवली. अहो, महाराजांपासून काय लपवणार होतो?

हळूहळू झोप आली, नामात गोडी आली. मग वहिनींच्या घरी गेलो आणि हात जोडले. त्यांच्या मुलानं उशिरा का होईना, त्यांना उपचाराला नेलं होतं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बुवा, दुसऱ्या सप्ताहात मला वाटायचं, महाराजांनीही मला टाकलं."

भक्तहो, ते शब्द अजून कानात आहेत. पारायण सोडा, असं मी म्हणत नाही. मीही सोडलेलं नाही. पण पारायणाचा आधार द्यायचा असतो, त्याची काठी करून दुखावलेल्याला मारायची नसते. श्रीगुरूंनी त्या ब्राह्मणाला एकटं सोडलं नाही. सायंदेवाच्या घरी सोबत नेऊन पोटभर जेवू घातलं.

यंदा सुंठवडा घेताना आजूबाजूला पाहा. नेहमीचं कोण दिसत नाही? त्यांच्या घरी प्रसाद घेऊन जा, शेजारी बसा, काय होतंय ते विचारा आणि ऐका. दोन आठवड्यांहून अधिक मन असं बुडालेलं असेल, तर डॉक्टरांकडे सोबत जा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली, तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या. सरकारची 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं.

उपदेश नंतर करू. आधी विचारू.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥