वळूला वांझ कोण म्हणतं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या प्रताप नगरात लाकडी बैल निघतात. पायांना चाकं, पाठीवर झूल, शिंगांना बेगड आणि दोरी धरून चाललेलं फेटेवालं चिमुकलं पोर. दारोदारी बैलाच्या कपाळाला कुंकू लागतं, पोराच्या हातावर बोजारा पडतो. तान्हा पोळा हा नागपूरचा खास सण, भोसल्यांच्या काळापासूनचा. आदल्या दिवशी खेड्यात खऱ्या बैलांचा थाट झालेला असतो: आवतण, हळद-लोण्याने खांदशेकणी, पुरणपोळीचा घास.

या कौतुकात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. पूजा होते ती बैलाची, वळूची नव्हे. बैल म्हणजे खच्ची केलेला नर. त्याचा वंश माणसानेच चिमटा लावून संपवलेला असतो, आणि तरी गोठ्यात त्याच्याएवढा मान कुणाला नाही. पुत्र हा ‘पुत्’ नावाच्या नरकातून बापाला तारतो अशी व्युत्पत्ती मनुस्मृतीत आहे. ती मानणाराच माणूस पोळ्याला निर्वंश जनावरापुढे हात जोडून उभा राहतो. यात त्याला काही विसंगत वाटत नाही, आणि वाटू नये हेही बरंच.

वंश खुंटणं हे न्यून असेल, तर ते कुणाच्या पदरात टाकायचं? गोठ्यात उत्तर तयार असतं. गाय गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली, म्हणजे ‘गाय उलटली’. क्रियापदाची कर्ती गाय, म्हणून संशयितही गायच. दोन-चारदा उलटली की तिला बाजाराची वाट. मराठीत बाई वांझ असते, गाय वांझ असते, जमीनही वांझ असते. ‘वांझोटा’ हे पुल्लिंगी रूप आहे, पण ते वादाला लावतात. पुरुषासाठी ‘निपुत्रिक’ हा सोवळा शब्द राखून ठेवलाय. ‘नपुंसक’ म्हणजे वेगळंच; नपुंसकाला समागम जमत नाही, तर बीजात खोट असलेल्या नराला तो उत्तम जमतो.

संस्कृत या बाबतीत अधिक प्रामाणिक होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात ‘वन्ध्य’ पुल्लिंगात येतो. बापाच्या बीजाचा एखादा भाग बिघडला, तर जन्मणारा मुलगा वंध्य होतो, असं तिथे सांगितलंय. बीज, बीजभाग, बीजभागाचा अवयव अशी उतरंड चरक लावतो. तिच्यात आजचं जनुकशास्त्र शोधू नये, तो मोह वाईट. पण खोट नराच्या बाजूनेही येते आणि ती बीजातून येते, एवढं त्याने स्वच्छ मांडलंय. त्याच शारीरस्थानात लिंगविकृतींचे आठ प्रकार सांगून तो त्यांचा संबंध पूर्वकर्माशीही जोडतो. एकाच ग्रंथात बीजही आहे आणि कर्मही.

आता डेन्मार्कमधला एक वळू पाहू. जर्सी जातीचा, नाव डाग. त्याच्या शुक्रजंतूंच्या शेपट्या दुमडलेल्या, गुंडाळलेल्या, चिरफाळलेल्या. एरिक ब्लोम या संशोधकाने 1966 मध्ये हा आनुवंशिक दोष जगापुढे मांडला आणि त्याला नाव पडलं ‘डाग दोष’. बिचाऱ्याला अमरत्व मिळालं ते असं! मराठी कानाला तर ते नाव शापासारखंच ऐकू येतं.

त्याहून चक्रावणारी गोष्ट फ्लेकफी जातीच्या वळूंची. 2014 मध्ये जर्मन संशोधकांना टीएमईएम95 नावाच्या जनुकातला बिघाड सापडला. हे वळू धट्टेकट्टे. थेंब काचपट्टीवर घेतला तर शुक्रजंतू हवे तितके, आकार ठीक, धावही ठीक. गर्भधारणा मात्र शंभरात दोनदासुद्धा नाही. बीजांडाशी एकरूप व्हायचं तेवढंच त्या जंतूंना जमत नाही. हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून आला तरच नराला भोवतो. बिघडलेल्या जनुकाची एकेकच प्रत असलेले आईबाप सुखाने वंश वाढवतात, आणि दोन्ही प्रती असलेली बहीणसुद्धा व्यवस्थित गाभण राहते. वांझपणा वारशाने कसा येईल, या जुन्या कोड्याचं उत्तर इथे आहे: ज्यांना तो बाधत नाही, त्यांच्यामार्फत.

कर्मसिद्धांताला हा वळू अडचणीचा आहे. पशुजन्म ही भोगयोनी. जनावर नवं पाप जोडत नाही, जुनं फेडतं, असं परंपरा सांगते. मग या वळूने फेडलं काय? तो चरतो, उडी मारतो, तृप्त दिसतो. मूल नाही याचं दुःख त्याला नाही. दुःख आहे ते मालकाला, तेही पैशाचं. जो भोगतच नाही त्याचा भोग कसला?

प्रताप नगरपासून दीक्षाभूमी फार लांब नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला तिथे धम्मदीक्षा घेणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी, 1957 मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, पूर्वजन्मीच्या कर्माचा विचार करताना थेट आनुवंशिकतेचाच मुद्दा काढलाय. मूल आईबापांचे गुण घेऊन जन्मतं, हे एकीकडे. पूर्वकर्माच्या सिद्धांतात आईबाप देतात ते फक्त शरीर, बाकी सारं मूल स्वतःच मागच्या जन्मातून आणतं, हे दुसरीकडे. हे दोन्ही एकत्र कसं बसायचं? दारिद्र्य आणि हीन जन्म यांचा ठपका त्या माणसावरच ठेवण्याची सोय या सिद्धांतात आहे, हे त्यांना दिसत होतं.

पण कर्माच्या जागी आनुवंशिकता बसवली की ठपका संपतो, असंही नाही. तो ‘खानदानात खोट’ म्हणून परत येतो. डागच्या रक्तात खोट होती, ठीक. तीन रंगांचा बोका मात्र कुणाच्या रक्ताला दोष देणार? तो जवळजवळ नेहमीच निर्बीज असतो, कारण त्याच्यात एक एक्स गुणसूत्र जास्तीचं असतं. पेशी दुभंगताना ते चुकून सोबत आलं, इतकंच. जपानी खलाशी असा बोका गलबतावर शुभ मानत.

कधी मात्र माणसाचा हात स्पष्ट दिसतो. स्वीडनच्या डोंगरी गुरांमध्ये, बहुधा डाव्या बाजूचं वृषण किंवा बीजाशय खुरटं राहण्याचं प्रमाण वाढलं होतं. नील्स लागरलोफ यांनी 1930 च्या दशकात त्याचा अभ्यास केला. हा दोष पांढऱ्या रंगाशी जोडलेला निघाला, आणि पांढरी जनावरं पसंत म्हणून लोक तीच निवडत होते. आपल्याकडे मृताच्या नावाने वृषोत्सर्ग करताना वळू कोणत्या रंगाचा, कोणत्या लक्षणांचा हवा, हे शास्त्रात बारकाईने दिलंय. डोळ्याला रंग दिसतो. त्याच्या आड काय आलं ते नाही दिसत.

आज रेतकेंद्रात घेण्याआधी वळूची गुणसूत्रं तपासतात. पाव मिलिलिटरच्या एका कांडीत दोन कोटी शुक्रजंतू, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेले. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला. गोठ्यात ती कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतात, पुसतात, टोक कापतात. काम झालं की रिकामी कांडी शेणाच्या उकिरड्यावर पडते, क्रमांकासकट. एकविसाव्या दिवशी गाय हंबरते, आणि मालक रेतन करणाऱ्याला फोन लावून विचारतो, “हिला काय झालं हो?”