ठेक्यातला एकटा

‘स्टॉम्प द यार्ड’ हा सिल्व्हेन व्हाइट यांचा अमेरिकी चित्रपट २००७ साली आला. गोष्ट सरधोपट आहे. लॉस एंजेलिसमध्ये नाचाच्या चढाओढीतून मारामारी होते आणि डीजेचा धाकटा भाऊ गोळी लागून मरतो. डीजे अटलांटाला नातेवाइकांकडे येतो, ट्रुथ नावाच्या काल्पनिक कृष्णवर्णीय विद्यापीठात दाखल होतो आणि तिथल्या फ्रॅटर्निटींच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनांच्या, स्टेपिंग स्पर्धेत ओढला जातो.

स्टेपिंगला वाद्य लागत नाही. टाच जमिनीवर, तळवा मांडीवर, टाळी कधी छातीसमोर तर कधी उचललेल्या गुडघ्याखाली. मधेच एक जण आरोळी देतो, बाकीचे एका दमात उत्तर देतात. रांगेत एकाची टाच किंचित उशिरा पडली, तरी ती चूक शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाच्याही कानाला खटकते.

इतक्या काटेकोर एकजुटीची ओढ कुठून आली असेल? १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची फ्रॅटर्निटी स्थापन केली. त्याच्या थोडंच आधी तिथे शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परत आले नव्हते. गोऱ्यांच्या संघटनांची दारं बंद होती. एकमेकांना अभ्यासात सांभाळून घेणं, कुणाला मधेच गळू न देणं, ही पहिली निकड होती. पुढे मार्टिन ल्यूथर किंगही या संघटनेचे सदस्य झाले. स्टेपिंग नंतर रुजलं, पण त्यामागची भावना तीच वाटते. तो ठेका म्हणजे पायांनी दिलेली हजेरी: आम्ही सगळे इथेच आहोत.

गंमत अशी, की चित्रपटाला हे कळतं, पण पेलत नाही. डीजेचा रस्त्यावरचा नाच एकट्याने चमकण्यासाठी घडलेला. रांगेत उभं राहायला त्याला शिकावं लागतं. ते शिकण्यातच कथेचं बळ आहे. पण अंतिम फेरीत बरोबरी होते आणि निकाल लागतो तो डीजे आणि एका प्रतिस्पर्ध्याच्या आमनेसामने झुंजीत. दोन तास एकीचे गोडवे गाऊन शेवटी टाळ्या एकट्यालाच. कॅमेऱ्याला चेहरा हवा असतो, तिकीट काढून आलेल्यांना नायक.

मात्र रांगेलाही निर्दोष ठरवून चालणार नाही. एकसारखं पाऊल घडवताना माणूस मोडायचा मोहही होतो. स्पाइक ली यांच्या ‘स्कूल डेझ’मध्ये (१९८८) फ्रॅटर्निटीत शिरू पाहणाऱ्या पोरांची मानहानी उघडी पडते. १९९० साली या संघटनांनी सदस्य करून घेण्याची ती जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली, तरी छळ पुरता थांबला नाही. ‘स्टॉम्प द यार्ड’ या बाजूला ओझरता स्पर्श करून पुढे सरकतो.

म्हणजे एकट्याचा तोरा वाईट आणि समूह चांगला, अशी सोपी वाटणी इथे होत नाही. समूहाने शिस्त मागावी. तो त्याचा हक्कच आहे. पण ज्या संघटना गळती थांबवण्यासाठी उभ्या राहिल्या, त्यांना एक प्रश्न विचारायलाच हवा: ज्याचं पाऊल आज चुकलं, त्याला उद्याच्या सरावाला कोण बोलावणार?