सर्वव्यापी देवाला खांदे लागतात

जो सगळीकडे आहे, त्याने घरी यायचं म्हणजे कुठून कुठे यायचं? शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘परापूजा’ स्तोत्राचा रोख हाच आहे. जो सर्वत्र भरून राहिला आहे त्याला आवाहन कुठे करणार, जो सगळ्यांचा आधार त्याला आसन कशाचं देणार? शाळेत संस्कृत शिकवत होते तेव्हा हे स्तोत्र मी मुलांना आवडीने समजावून सांगायची. पूजेतला एकेक उपचार त्या तर्कापुढे टिकत नाही, हे मुलांना पटायचं. आणि फाल्गुन आला की त्यांतलीच निम्मी मुलं कानामागे गुलाल घेऊन, जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांनी वर्गात यायची. रत्नागिरीत शिमगा सुरू झालेला असायचा.

श्री देव भैरी हे आमच्या रत्नागिरीचं ग्रामदैवत, बारा वाड्यांचा देव. एरवी आपण त्याच्याकडे जायचं, खालच्या आळीतल्या देवळात. शिमग्यात मात्र देव निघतो. पालखीत देवाची रुपं, म्हणजे मुखवटे, लागतात, पालखी झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे तिला बसवायच्या चौथऱ्यावर, येते, वाड्यांतून फिरते. आसपासच्या गावांचे देवही याच दिवसांत बाहेर पडलेले असतात आणि उंबऱ्या-उंबऱ्याशी थांबत घरं घेत असतात. हापूसच्या पेट्या वाशीला निघालेल्या, काजूची बोंडं पिकलेली, कोकण रेल्वेच्या गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या. गणपतीला रजा मिळाली नाही तर माणूस हळहळतो, पण शिमग्याला मिळाली नाही तर वरिष्ठांशी भांडतो.

आमच्या इमारतीत पालखी जिना चढत नाही. खालच्या पार्किंगमधल्या स्कूटर हलवून आम्ही जागा करतो, सडा घालतो, रांगोळी काढतो, पाट मांडतो. ढोल जवळ येतो. पालखी आधी नाचते, मग पाटावर बसते. बायका खण-नारळाने ओटी भरतात. पाण्याच्या टाकीवरून वर्षभर ज्यांचं बोलणं बंद असतं ती दोन घरंही त्या रांगेत एकामागे एक उभी असतात. त्यानंतर गाऱ्हाणं होतं.

गाऱ्हाणं घालणारे म्हातारबुवा आधी हळूच विचारतात, ‘नाव काय म्हणालात? काय मागणं आहे?’ आणि मग खड्या आवाजात देवाला सांगतात, की महाराजा, या घरच्या लेकीचं ऑपरेशन आहे, ते सुखरूप होऊ दे. या घरचा मुलगा परमुलखात नोकरीला आहे, त्याच्या पाठीशी उभा राहा. काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे. सगळे म्हणतात, ‘होय महाराजा!’

सर्वज्ञ देवाला नाव सांगावं का लागावं? त्या लेकीची आई माझ्या वरच्या मजल्यावर राहते. ऑपरेशनचं तिने कोणाला सांगितलं नव्हतं. देवापुढे उच्चारलं गेलं आणि ते साऱ्या इमारतीने ऐकलं. ‘होय महाराजा’ म्हणताना आम्हीही त्या मागण्याला बांधले गेलो. पुढे लेक इस्पितळात होती तेव्हा त्या घरी डबा कोणी द्यायचा हे आपोआप ठरत गेलं. देवाला ते आधीपासून ठाऊक असणारच. ठाऊक नव्हतं ते आम्हाला.

पालखीच्या भोयांत माझा एक जुना विद्यार्थी असतो. शर्टाची गळपट्टी बाजूला सारून त्याने एकदा खांदा दाखवला. दांड्याखाली कातडं सोलवटून लाल झालं होतं. दुखतं का, विचारलं, तर म्हणाला, ‘बाई, देव सगळीकडे असतो असं तुम्ही सांगायचात. पण सगळीकडे न्यायला आम्हीच लागतो ना?’

त्याच्या या बोलण्याने ‘परापूजे’तला तर्क खोटा ठरत नाही. देव माणसांनी घडवलाय असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझी श्रद्धा आहे, आणि ती साधी आहे. पण देवाचं असणं ही एक गोष्ट आणि त्याची भेट होणं ही दुसरी. असण्यासाठी त्याला आपली गरज नाही. भेटीसाठी मात्र कोणीतरी दार उघडावं लागतं, कोणीतरी खांदा द्यावा लागतो. ते काम देवाने माणसांवर सोपवलं आहे, आणि म्हणूनच ते अडवणंही माणसांच्या हाती उरलं आहे.

अडवण्याचा इतिहास या शहराला नवा नाही. जुन्या रत्नागिरीत अद्वैत मुखोद्गत असणाऱ्यांची वाण नव्हती. चराचरात एकच तत्त्व आहे हे कोणी नाकारत नव्हतं, तरीही देवळाची पायरी कित्येक माणसांना बंद होती. सावरकर इथे स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीरांनी पैसा उभा केला आणि 22 फेब्रुवारी 1931 रोजी पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुलं झालं. त्या दिवशी देवाच्या व्याप्तीत काही भर पडली नाही. माणसांनी घातलेला बांध तेवढा एका जागी फुटला. सर्वव्यापित्व तोंडाने म्हणणं सोपं असतं. ते खरं मानतो की नाही हे कळतं ते आपण कोणाच्या दारापर्यंत चालत जातो यावरून.

आजही मानपानाच्या वादात कोकणातल्या काही गावांच्या पालख्या अडतात, प्रशासनाला मध्ये पडावं लागतं. पहिला मान कोणाचा यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. शेवटचं घर कोणतं राहिलं, यावर कोणी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही. ओटी भरताना अजूनही एखादी बाई भिंतीला टेकून मागे उभी राहते, कारण तिचा नवरा गेला आहे. कलमांच्या बागेत राखणीला असलेलं नेपाळी कुटुंब, मिरकरवाड्याच्या बोटींवरचे परप्रांतीय खलाशी देवाच्या सीमेतच राहतात, पण गाऱ्हाण्यात त्यांचं नाव येत नाही.

प्रथा जपायची म्हणजे ती जिथे थांबली तिथून पुढे न्यायची, असं मी मानते. येत्या शिमग्यात आमच्या पार्किंगमध्ये पहिली ओटी त्या मागे उभ्या राहणाऱ्या बाईने भरावी, आणि म्हातारबुवांनी नाव विचारलं की आमच्या नेपाळी वॉचमननेही आपल्या मुलांसाठी मागावं. हे मी इमारतीच्या बैठकीत मांडणार आहे. विरोध होईल, तो मी ऐकून घेईन, आणि तरीही आग्रह सोडणार नाही. ज्यांनी त्या देवापुढे आजवर ‘होय महाराजा’ म्हटलं आहे, त्यांना या मागण्याला नाही म्हणण्याचा अधिकार उरत नाही.