आधी कोणाला जागवावं?

सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी एक धुतलेली सुती चादर अंथरा. तिन्ही पेट्या तिच्यावर ठेवा. लगेच उघडू नका, आधी स्वतः बसा. श्वास आत घ्या, सावकाश सोडा. आज काहीही दुरुस्त करायचं नाही. तीन जुन्या क्लॅरिनेटांपैकी पहिला हात कोणाला लावायचा, एवढंच उमगून घ्यायचं आहे.

आता पेट्या उघडा. जुन्या मखमलीचा आणि वाळलेल्या बुचाचा वास येईल, तो येऊ द्या.

पहिलं क्लॅरिनेट लंडनचं, पहिल्या महायुद्धाच्या आधीचं. त्याला 13 कळा आहेत आणि लाकडावर बोटांच्या खुणा उमटल्या आहेत. दुसरं पॅरिसचं, बोएम पद्धतीचं, काळंभोर. वरच्या भागावर केसासारखी एक चीर. तिसरं एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं. ऊन लागून त्याचा काळा रंग हिरवट-तपकिरी झाला आहे.

मन आधी कोणाकडे धावलं? बहुधा लंडनच्या वाद्याकडे. ते सर्वांत जुनं, त्याची कथा सर्वांत लांब. ही ओढ खरी आहे, तिला दाबू नका. तिला शेजारी बसवा आणि पुढे चला.

दुसऱ्या वाद्याचा एक भाग हातात घ्या. त्याचं वजन जाणवू द्या. हे लाकूड टांझानिया-मोझांबिककडचं, इतकं घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं. आपल्या शिसवाच्याच कुळातलं आहे ते. ज्यांच्या घरी शिसवी देव्हारा आहे, त्यांच्या बोटांना ही थंड गुळगुळीत ओळख लगेच पटेल. आता ती नळी उजेडाकडे धरून आत पाहा. आतली भिंत सरळ आणि चकचकीत असेल, तर उजेडाची वर्तुळं एकात एक दिसत जातात. तिथे थोडं थांबा. वाद्य म्हणजे मुळात ही पोकळीच. कळा, स्प्रिंगा, पॅड ही सगळी तिची सेवा करणारी मंडळी.

आता स्वतःला विचारा: यातलं झिजलेलं काय, जखमी काय आणि मुळातला स्वभाव काय?

झीज आधी पाहू. पॅड फाटले आहेत, आतल्या नमद्याला कसर लागली आहे. सांध्यांवरचं बूच सुकून भुगा झालं आहे. एखादी स्प्रिंग गंजली आहे. हे पाहून जीव हळहळतो, पण हे भाग झिजण्यासाठीच असतात. ते बदलले तरी वाद्य तेच राहतं. निरांजनातली वात बदलली म्हणून निरांजन बदलत नाही.

मग जखम. पॅरिसच्या वाद्यावरच्या चिरेवरून नखाचं टोक हलकेच फिरवा. फुंकीची ऊब आणि ओल वरच्या भागाला सर्वांत जास्त सोसावी लागते. आतून लाकूड फुगतं, बाहेरून कोरडं राहतं आणि त्या ताणात ते तडकतं. चीर वरवरची आहे की पोकळीपर्यंत पोचली आहे? एखाद्या स्वरछिद्राला छेदून गेली आहे का? ती सांधता येते, पण त्यासाठी मुरलेला हात लागतो. नवशिक्या घाईने तिथे जखम वाढते.

आणि शेवटी स्वभाव. लंडनचं वाद्य पॅरिसच्या वाद्याशेजारी ठेवा. दोन्ही बी-फ्लॅटचीच असूनही ते दीडदोन सेंटिमीटरने आखूड दिसतं. त्या काळी ब्रिटनमध्ये एक चढा सूर चाले. आज ज्या स्वराची सेकंदाला 440 कंपनं धरतात, तो तिथे 452 च्या आसपास असे. लष्करी बँडांत तो 1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकला. हार्मोनियमवर शेजारच्या काळी-पांढरीत जेवढं अंतर असतं, त्याच्या जवळजवळ निम्म्यावर हा सूर पडतो. कोणत्याच पट्टीत बसत नाही. सांधा थोडा बाहेर ओढून तो उतरवावा म्हटलं, तर आखूड नळीचे स्वर जास्त उतरतात, लांब नळीचे कमी, आणि सप्तक आपापसात बेसूर होतं. छिद्रांची अंतरंच त्या चढ्या सुरासाठी कोरलेली आहेत.

इथे जरा जास्त वेळ थांबा. हा दोष नाही. ते वाद्य आपल्या काळाच्या सुरात अचूक आहे. त्याला आजच्या सुरात ओढणं म्हणजे त्याच्याकडून त्याचा स्वभाव मागणं. त्याचे जुने पॅड, जुना दोरा, जुनं बूच हा त्या काळाच्या कारागिरीचा पुरावा आहे. काही वस्तूंची निगा म्हणजे त्यांना आहे तसं जपणं. शेजारी बसवलेल्या ओढीला आता हे हळूच सांगा, ती ऐकेल.

उरली दोन. तिसऱ्याकडे वळा. त्याच्या रंगामुळे आपण त्याला नीट पाहिलंच नव्हतं. एबोनाइट ओलीने तडकत नाही. ऊन लागून रंग गेला, पण पोकळी शाबूत आहे. 17 कळा आणि 6 कड्या, सगळ्या जागेवर. हीच बोएम पद्धतीची रचना वादक क्लोझे आणि वाद्यकार बुफे यांनी 1839 साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली आणि 1844 साली तिचं पेटंट घेतलं. सूर आजचा आहे. याच्या वाट्याला आली ती फक्त झीज.

उत्तर आता हाताशी आलं आहे. पहिलं जागवावं ते, ज्याचा स्वभाव आजच्या श्वासाशी जुळतो आणि ज्याला झिजेपलीकडे काही झालेलं नाही. ते आपल्या हातून पूर्ण होईल. पॅड बसवताना, बूच घासताना हात जे शिकतील, ते उद्या पॅरिसच्या चिरेजवळ जाताना उपयोगी पडेल. तुमच्या चादरीवर वाद्यं वेगळी असतील, क्रमही वेगळा लागेल. प्रश्न मात्र याच ओळीने विचारा.

आता लंडनचं वाद्य मऊ फडक्याने पुसून त्याच्या पेटीत ठेवा, उन्हापासून दूर. पॅरिसचंही ठेवा, त्याच्या पेटीत चिठ्ठी घाला: ‘दुसरं’.

डोळे मिटा. काही आठवड्यांनंतरची सकाळ मनात आणा. नवे पॅड नीट बसले आहेत. तुम्ही खालचा एक स्वर फुंकता, रुंद आणि उबदार; त्याला षड्ज माना. मग अंगठ्याने मागची कळ दाबता. बासरीत फुंक वाढवली की वरचा षड्जच येतो. क्लॅरिनेटची नळी सरळ, आणि तिचं एक तोंड रीडने मिटलेलं. म्हणून तिथे वरच्या सप्तकातला पंचम उमटतो. गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत, बँडच्या सगळ्या गलक्यावर चढून जो आवाज लांबून ऐकू येई, तो हाच.

डोळे उघडा. तिसरी पेटी जवळ ओढा.