थंडी, गादी आणि वैराग्य

वाईजवळच्या कमळगडावर किंवा रायरेश्वराच्या पठारावर जानेवारीत मुक्काम करणाऱ्याने पाठीखाली हवा भरायची उबदार गादी घेतली, तर त्याचे वैराग्य उणावते का? वाईत हा प्रश्न गीतेपाशीच न्यावा. गीताईकार विनोबांनी १९१७ साली इथल्याच प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शास्त्राध्ययन केले. गीतेचा सहावा अध्याय ध्यानाच्या आसनाची रचनाच सांगतो: खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, वर वस्त्र. गार जमीन अंगातली ऊब सतत ओढून घेते. गवतात आणि केसांत अडकलेली स्थिर हवा ती वाट अडवते. आजच्या गादीतही तेच घडते. नुसती हवा आत फिरत राहते आणि ऊब खाली पोहोचवते, म्हणून आत तंतू किंवा चकाकणारे पडदे घालतात. या रोधाचे माप म्हणजे आर-मूल्य. दोन थर एकावर एक घातले की त्यांची बेरीज होते.

कुणी म्हणेल, तो आसनाचा नियम आहे, शय्येचा नव्हे. पण त्याच अध्यायात अति झोपणारा आणि अति जागणारा दोघांनाही योग साधत नाही, आणि कुडकुडणारा माणूस जागाच राहतो. मग तप कुठे गेले, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. हट्टाने देहाला पिडणाऱ्या तपाला सतरावा अध्याय तामस म्हणतो, एवढे उत्तर मला पुरते. मात्र हीच कसोटी हावेलाही लावावी. सह्याद्रीतल्या रात्रीला साधारण २ ते ३ आर-मूल्य पुरते. ५ च्या पुढची गादी हिमालयातल्या बर्फासाठी. ती इथे पाठीवर वाहणे हा परिग्रहच.