तोंड उघड आधी

तीन बोटं एकावर एक धर, उभी, आणि घाल तोंडात. पुढच्या दातांच्या मधे. जात नाहीत ना? दोनच गेली. मान वाकडी करून तिसरं जात नसतं, लेका. जबडा आहे तो, शाळेची खिडकी नव्हे, की धक्का दिला म्हणजे उघडेल.

परवा जेवताना सूनबाईवर ओरडलास, भाजीत तिखट किती घालतेस म्हणून. मी ओसरीवर बसलो होतो, सगळं ऐकलं. तिखट तेवढंच होतं. आईच्या हातचा ठेचा नुसत्या भाताशी खाणारा पोरगा तू, आज तुला वरणातली मिरची झोंबते. कारण गालाची आतली कातडी पांढरी पडून ताठत चालली आहे. हे काम सुपारीचं. तंबाखू नसली तरी नुसती सुपारी एवढं करायला पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच सुपारीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं. आणि आपला खर्रा म्हणजे बहुतेक सुपारीच की! तोंड एकदा असं आवळलं की पूर्ववत होणं कठीण. आज सोडलंस तर आहे एवढं तरी राहील. उद्या दातांच्या डॉक्टरला दाखवायचं. ‘बघू’ म्हणू नकोस. तुझं ‘बघू’ मला पाचवीपासून ठाऊक आहे.

पण मी तुला बोलावलं ते तोंडासाठी नव्हे.

काल संध्याकाळी तुझा पोरगा पानठेल्यापाशी उभा होता. दुसरीतला. मुठीत नोट. ठेलेवाल्यानं पन्नी पसरली, कतरलेली सुपारी टाकली, तंबाखू टाकली, बोटानं चुना लावला, पाण्याचा शिंतोडा दिला. मग पन्नी दुमडून फळीवर तळहातानं घासायला लागला, खरखर, खरखर. पोरगा टाचा उंच करून बघत होता. डोळ्यांत काय कौतुक! सुपारी लाल कधी होते, पन्नी गरम होते का, सगळं निरखत होता. पुडी हातात आली तशी त्यानं आधी नाकाशी नेली. वास घेतला. मग घराकडे पळाला.

मी विचारलं, ‘कोणासाठी रे?’ तर म्हणतो, ‘बाबासाठी. बाबाले मीच आणून देतो.’ छाती काढून सांगितलं त्यानं.

लहान मुलाच्या हाती तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ठेलेवाल्याला मी हे सांगितलं. तो हसला. सुगंधित तंबाखू आणि गुटख्यावर राज्यात २०१२-१३ पासून बंदी आहे, तेही सांगितलं. तेव्हाही हसला. त्याचं हसू मी समजू शकतो, त्याचा धंदा आहे. तुझं काय?

‘का करू गुरुजी, टाइम नाही जात.’

वा! टाइम जात नाही! दिवाळीच्या आगेमागे धान कापायचं, चुरायचं, मग मंडईत वडशाच्या कंपनीचं नाटक रात्रभर बघायचं, उन्हाळ्यात मोहफूल, मग तेंदू, पाऊस पडला की रोवणा. आणि तुला टाइम जात नाही. अरे, तुझ्याजवळ टाइम आहेच कुठे? सगळा तू बटईनं देऊन टाकला आहेस. उठल्याबरोबरचा टाइम खर्ऱ्याचा. चहानंतरचा खर्ऱ्याचा. धुऱ्यावर बसलास की खर्रा, जेवलास की खर्रा, बायकोशी भांडलास की खर्रा, पोरगं पास झालं तरी खर्रा. सुखाला दारात पाय ठेवायला जागा आहे का? ते येतं, बघतं, तोंड भरलेलं आहे, मग जातं.

हिशेब तूच सांगितलास. दिवसाला चार, एक वीस रुपयांचा. ऐंशी रुपये. वर्षाचे गुणून दाखव पाहू. बोटं मोजू नकोस, तोंडी कर. एकोणतीस हजार दोनशे. हमीभावानं सुमारे बारा क्विंटल धान. एवढं धान तू वर्षभर पन्नीत बांधून भिंतींवर थुंकलास. आणि सायकल मागितली म्हणून पोराला मारलंस.

आता सरकारवर येशील. मला माहीत आहे. खर्रा संपला की तू सरकारवर येतोस. ‘दारूवर बंदी घालून का झालं?’ म्हणतोस. ऐक मग. आपण वैनगंगेच्या या काठाचे, चंद्रपूरवाले, पलीकडे गडचिरोली. १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. पलीकडे दारूबंदी आली १९९३ साली, आणि ती कोणा साहेबाच्या मनात आली म्हणून आली नाही. गावोगावच्या लोकांनी, बायांनी पाच-सहा वर्षं ती मागितली, डॉक्टर अभय आणि राणी बंगांसारखी माणसं त्यांच्याबरोबर उभी राहिली. आपल्याकडच्या बाया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून पायी नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या. थंडी काय असते तेव्हा, तुला सांगायला नको. चार वर्षं उलटून गेल्यावर, १ एप्रिल २०१५ ला बंदी आली. २०२१ मध्ये उठली. ती उठली त्या दिवशी तुम्ही पारावर बसून टाळ्या पिटल्या. त्या पायी गेलेल्या बायांपैकी एखादी तुमच्या समोरून डोक्यावर पाणी घेऊन जात असेल, एवढंही कोणाच्या मनात आलं नाही.

बंदी फुकट जाते असं मी म्हणणार नाही. दारात बाटली नसली तर नवं पोरगं त्या वाटेला उशिरा लागतं, हे साधं गणित आहे. पण दुकान बंद केल्यानं संध्याकाळ बंद होत नाही. ती रोज येते. सहा वाजले की हात मोकळे, अंग दुखतंय, घरात धूर, आणि नाल्याच्या बाजूनं मोहाच्या सडव्याचा वास. त्या वेळेचं काय करायचं हे ज्यानं ठरवलं नाही, त्याच्यासाठी भट्टीवाल्यानं ठरवून ठेवलेलं असतं. म्हणून तर २०१६ मध्ये पलीकडे व्यसनमुक्तीचं ‘मुक्तिपथ’ सुरू झालं तेव्हा नुसत्या बंदीवर भागवलं नाही. गावागावात संघटना बांधल्या, व्यसनींसाठी क्लिनिक घेतली.

आणि तुकडोजी महाराज! त्यांची तपोभूमी गोंदेडा इथून किती लांब आहे? महाराजांनी सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी ठेवली. लोक म्हणतात भक्तीची वेळ. मला विचारशील तर माणूस घसरण्याचीही तीच वेळ, आणि महाराजांनी बरोबर तिथेच सतरंजी टाकली. शंभर भाषणांपेक्षा हे शहाणपण मोठं आहे. आपल्या गावच्या प्रार्थनेत तू खंजिरी वाजवायचास. आठवतं? आता का येत नाहीस ते मी विचारत नाही. भजनाला तोंड उघडावं लागतं.

मान खाली घालू नकोस. अजून माझं व्हायचं आहे.

तू पाचवीत होतास. लहान सुटी झाली की मी खिडकीतून हाक मारायचो, आणि तू धावत जाऊन माझ्यासाठी तंबाखूची पुडी अन् चुना आणायचास. वर्गात पन्नास पोरं. तुला निवडलं कारण तू जोरात पळायचास. तुला कोण अभिमान! गुरुजींचं काम मीच करतो, म्हणून सांगत फिरायचास. मग एक दिवस मुतारीच्या मागे तू चिमूट ओठात धरून उभा सापडलास आणि मी तुला छडीनं फोडलं. सगळ्या शाळेसमोर. ती छडी चुकीच्या अंगावर पडली. काल तुझ्या पोरानं पुडी नाकाशी नेली तेव्हा मला पळणारा तूच दिसलास. त्यामुळे हे जे बोलतो आहे ते शहाणा म्हणून बोलत नाही. देणेकरी म्हणून बोलतो आहे, आणि देणेकऱ्याचा आवाज जरा चढाच असतो.

मी तंबाखू सोडली ती निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना. कशी, ते ऐक. आधी मी तीन वेळा शपथ घेतली होती. देवापुढे, एकदा आईच्या पायावर हात ठेवून. तिन्ही मोडल्या. चौथ्यांदा शपथ घेतली नाही, हजेरी घेतली. जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, दिवसात तंबाखू कधी कधी तोंडात जाते. आठ वेळा. त्या आठांपुढे आठ कामं लिहिली. काम असं की हात भरलेले राहावेत. उठल्यावर कडुनिंबाची काडी आणि अंगण झाडणं. लहान सुटीत शाळेच्या झाडांना पाणी, पोरांबरोबर. अशी.

सगळ्यात वाईट वेळ जेवणानंतरची. तोंड आपोआप मागतं. बडीशेप खाऊन बघितली, हसू आलं. मग काय केलं? स्वतःचं ताट स्वतः घासायला घेतलं. तुझी काकू पहिल्या दिवशी घाबरली, तब्येत बरी नाही काय म्हणाली. राखेनं ताट घासायला, खळखळून धुवायला, उपडं ठेवायला चार-पाच मिनिटं लागतात, आणि तलफेचा जोर तेवढाच असतो. लाटेसारखी येते आणि उतरते. तू तिच्या तोंडात काही घातलं नाहीस तर उतरतेच. घराबाहेर असलो तर मी एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायचो. हसतोस काय? म्हणून बघ. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणताना माणसाला दुसरं काही सुचत नाही.

पहिले तीन दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाही. डोकं दुखायचं, झोप यायची नाही. एका पोराला उगाच मारलं, मग त्याची माफी मागितली. दोन-तीन आठवड्यांनी निवळलं. बाविसाव्या दिवशी एका लग्नात चिमूट घेतली. घेतली म्हणजे घेतली. दुसऱ्या दिवशी वहीत फुली मारली आणि पुन्हा अंगण झाडलं. तू काय करतोस? एकदा घसरलास की ‘आता मोडलंच’ म्हणून चार जास्त खातोस. चाक चिखलात गेलं म्हणून कोणी बंडी जाळतं काय?

आणि सुखाचं म्हणशील तर ते आधी आलं नाही. हे नीट ऐक, कारण तू तिथेच अडतोस. ‘मन लागत नाही गुरुजी, मन लागलं की करीन.’ उदास माणसाला डॉक्टरही मन लागायची वाट बघू देत नाहीत, ठरल्या वेळी ठरलेलं काम करायला लावतात. मन मागून येतं, रेंगाळत, उशिरा शाळेत येणाऱ्या पोरासारखं. माझं महिनाभरानं आलं. एका सकाळी अंगण झाडून झालं, झाडू टेकवला, आणि पारिजातकाचा वास आला. किती वर्षांनी! नाकच परत मिळालं होतं. त्या दिवशी मी बायकोला हाक मारून फुलं दाखवली. ती म्हणाली, ‘रोजच पडतात.’

अभय बंगांना १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. पंचेचाळिशीही झाली नव्हती. जिल्ह्याला तपासणारा माणूस, त्यालाही स्वतःचा दिवस पुन्हा मांडावा लागला: खाणं, चालणं, योग, ध्यान. त्यावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं. माझ्या कपाटात आहे, नेऊन वाच, आणि परत आण. तू नेलेलं भूमितीचं पुस्तक अजून यायचं आहे.

चालायला जा, पण पहाटे चारला नव्हे. ते पुण्याच्या माणसांनी करावं. आपल्याकडे वाघ आधी फिरून घेतो. नीट उजाडू दे, मग डांबरी रस्त्यानं शाळेपर्यंत आणि परत, पोराला सोबत घेऊन. चालताना त्याच्याशी बोल. काय बोलायचं ते सुचणार नाही, त्यानंच सुरू केलं तर गप्प ऐक.

तुझ्या त्या दोस्ताचं वेगळं आहे, जो सकाळी चहाच्या आधी घेतो आणि ज्याचे हात थरथरतात. त्याला माझी वही सांगू नकोस. एवढी दारू एकाएकी सोडली तर फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. त्याला डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायला लाव. १४४४६ वर फोन केला तर व्यसनमुक्ती केंद्र कुठे आहे ते सांगतात. तुझ्यासाठी तंबाखूचा नंबर १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. तू पुडीतली घेतोस म्हणून तुला दिसला नाही.

आता ऊठ. खिशातली पन्नी काढ आणि इथे टेबलावर ठेव. दुसऱ्या खिशातलीही. संध्याकाळी सहाला प्रार्थनेला ये, मागे बसलास तरी चालेल, तोंड उघडेल तेवढंच म्हण. येताना खंजिरी आण. इतक्या वर्षांत चामडं सैल पडलं असेल, दुपारी जरा उन्हात ठेव. आणि पोराच्या हाती पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.