दुसऱ्याच्या हातचा घास



शेजाऱ्यावर प्रीती करायची म्हणजे त्याला काहीतरी द्यायचे, असे आपण समजतो. धान्य द्यावे, कपडे द्यावेत, आजारपणात धावून जावे. हे सारे चांगलेच आहे. पण त्याच शेजाऱ्याच्या हातचे आपण घेतो का? या रविवारी या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आपल्या मुलामुलींपुढे हा प्रश्न जेवणाच्या वेळी उभा राहतो. दुबईत सतवा, करामा या भागांत फिलिपिनो लोकांच्या साध्या खानावळी आहेत. त्यांच्या देशात अशा खानावळीला ‘करिंदेरिया’ म्हणतात. शिजवलेले पदार्थ समोर मांडलेले असतात. गिऱ्हाइकाने बोटाने दाखवायचे आणि वाढणाऱ्याने ते भातासोबत वाढायचे. म्हणून तिला ‘तुरो-तुरो’, म्हणजे ‘दाखवा-दाखवा’, असेही म्हणतात. व्हिनेगर, सोया सॉस आणि लसूण घालून शिजवलेले ‘अदोबो’, आपल्या चिंचेच्या साराची आठवण करून देणारे आंबट ‘सिनिगांग’, सुकी मासळी, असे हे घरगुती जेवण. आपण जेवत असताना कोणी आले तर आपण ‘या जेवायला’ म्हणतो. फिलिपिनो माणूस ‘काईन तायो’, म्हणजे ‘चला, जेवू या’ म्हणतो.

२०२० च्या जनगणनेनुसार फिलिपिन्समध्ये सुमारे ७९ टक्के लोक कॅथलिक आहेत. दुबईच्या सेंट मेरी चर्चमध्ये ते आणि आपले लोक एकाच मिस्सेला येतात, एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारतात. पण चर्चबाहेर पडल्यावर ‘त्यांच्या जेवणाला वास येतो’ म्हणून नाक मुरडणे किती सोपे असते! आपल्या बोंबील-सुकटीच्या वासावरून कोणी आपल्याला भाड्याची खोली नाकारली, तर ते मात्र आपल्या जिव्हारी लागते.

कोणी म्हणेल, खानावळीत पैसे मोजून जेवायचे, त्यात कसली आली प्रीती? शंका रास्त आहे. परंतु दान देताना आपला हात वर असतो. परक्याच्या खानावळीत मात्र आपण अडाणी असतो. हे काय आहे, कशाबरोबर खायचे, हे विचारावे लागते. तिथे जाणते ते असतात आणि शिकणारे आपण. पैसे देऊनही ही नम्रता विकत मिळत नाही. ती आपली आपणच न्यावी लागते.

आपल्या महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. उरलेली भाकर अस्पृश्याच्या पदरात टाकणारे हात पुष्कळ होते. त्याच्या हातचे पाणी पिणारे मात्र विरळा. अन्न देण्याने जातीला धक्का लागत नव्हता, घेण्याने लागत होता. राजर्षी शाहू महाराजांनी हे अचूक ओळखले. त्यांच्या प्रोत्साहनाने गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत. गंगाराम यांना नुसती देणगी दिली असती तर पोट भरले असते, पण महाराजांनी त्यांच्या हातचा कप घेतला, तेव्हा त्यांचा मान राखला गेला.

प्रभू येशूनेही शोमरोनी स्त्रीशी बोलणे सुरू केले ते तिच्याकडे पाणी मागून. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत. जो तिला जीवनाचे पाणी देणार होता, तो आधी तिच्यापुढे तहानलेला म्हणून बसला.

मग समोर आले ते सगळेच खावे काय? तसे नाही. कोणाचा उपवास असतो, कोणाचे पथ्य असते, कोणाला एखादा पदार्थ वर्ज्य असतो. ‘मी हे खात नाही, दुसरे काय आहे?’ असे म्हणणारा पदार्थ नाकारतो. ‘शी! हे लोक काय खातात!’ असे म्हणणारा माणूस नाकारतो. या दोन्हींतला फरक लहान मुलांनाही कळतो, आणि ती तो आपल्याच तोंडून शिकतात.

पुसदला फिलिपिनो खानावळ आम्ही पाहिलेली नाही. परंतु त्यासाठी दुबईला जाण्याची गरज नाही. बाजाराला तांड्यावरून येणारी माणसे, कामासाठी परप्रांतातून आलेले मजूर, गल्लीतले अन्य धर्मीय शेजारी, यांच्या चुलीवर काय शिजते हे आपल्याला कितपत ठाऊक आहे? नाताळात आपण त्यांच्या घरी फराळाचे ताट पाठवतो. त्यांच्या सणाला त्यांच्या घरी बसून आपण किती वेळा जेवलो?

या आठवड्यात कोणी ‘या जेवायला’ म्हटले, तर ‘आत्ताच झाले’ हे ठरलेले उत्तर देऊ नये. दोन घास का होईना, बसून खावेत. आणि स्वयंपाक कसा केला, ते आवर्जून विचारावे.